दहा, वीस, तीस, चाळीस

१. पैज

"तळं एवढं स्वच्छ झालंय, तर मग त्याचा वास का येतो?"

भिंगरीने प्रश्न विचारला आणि वाचनालयाच्या सभागृहातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

खरं तर प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. एक रेडिओ, जी कधी बंद पडत नाही. दुसरी फुलस्टॉप, उंचीने सगळ्यांत लहान आणि दोन शब्दांत विषय संपवणारी.

"सगळ्या मोठ्यांसमोर उठशील? तू?" रेडिओ कुजबुजली होती. "गेल्या वर्षी हजेरीला 'हजर' म्हणताना तुझ्या घशातून उंदीर बोलायचा!"

"नाही उठणार," फुलस्टॉपने निकाल दिला होता.

असं म्हटल्यावर भिंगरी बसून राहील? छे!

व्यासपीठावर सचिवकाका उभे होते. वस्तीतली पोरं त्यांना मागून 'मुद्देसूद' म्हणायची, कारण चहा हवा का विचारलं तरी ते "मुद्दा क्रमांक एक" असं सुरू करायचे. पाच वर्षांपूर्वी वस्तीने पर्यावरण कृती आराखडा केला होता, त्याचं आज मूल्यमापन होतं. काय झालं, काय राहिलं, पुढच्या पाच वर्षांत काय करायचं. झाडांचा मुद्दा झाला, कचऱ्याचा झाला. मग काकांनी चष्मा सरसावला. "मुद्दा क्रमांक चार, तळं. ध्येय, पाणी साठ सेंटिमीटर खोलीपर्यंत स्वच्छ दिसणं. स्थिती, साध्य! सबब नव्या आराखड्यातून तळ्याचं कलम काढून टाकावं. काठावरचा पाणकणसांच्या उंच गवताचा पट्टाही काढावा आणि ती जागा लॉन्ड्रीला कपडे वाळत घालायला द्यावी. कुणाला काही प्रश्न?"

तेव्हा भिंगरी उठली होती.

"उत्तर वहीत आहे, बाळ," काका गोड हसले. "तुझ्याच आईने दर रविवारी, पाच वर्षं, एखादाच खाडा करून मोजमाप केलंय. म्हणून तर नव्या समितीच्या अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव आहे. थांब, वहीच दाखवतो."

पहिल्या रांगेत आई ताठ बसली होती. टाळ्या पडल्या तरी तिने मान वळवली नाही.

काकांनी भिंतीतलं लोखंडी कपाट उघडलं. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, मग गुडघ्यांवर बसून अगदी मागे हात घातला. उठले तेव्हा चष्मा कपाळावर होता आणि चेहऱ्याचा रंग उडालेला.

"वही नाही," ते म्हणाले. "मोजणीची वही कपाटात नाहीये."

कुलूप मात्र शाबूत होतं.

२. तीन किल्ल्या

सभा पुढच्या रविवारवर ढकलली गेली. वही सापडो न सापडो, त्या दिवशी मतदान होणार होतं. म्हणजे भिंगरीच्या हातात सहा दिवस होते.

"कपाटाच्या किल्ल्या तीन," शाळेच्या पायऱ्यांवर बसून तिने बोटं मोजली. "एक मुद्देसूदकडे. एक ग्रंथपालकाकांकडे, कपाट त्यांच्याच वाचनालयात आहे ना. आणि एक आमच्या घरी, दारामागच्या खिळ्याला. आई आकडे लिहायला कपाट उघडते म्हणून."

"मग संशयित तीन," रेडिओ म्हणाली.

"दोन. आईचं नाव काय घेतेस, वेडी!"

फुलस्टॉपने फक्त भुवई उडवली. भिंगरीने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

पहिली धाड सचिवकाकांवर. ते बागेत खुरपं घेऊन बसले होते. तिघी उभ्या राहिल्या तशी त्यांची सावली रोपांवर पडली.

"मुद्दा क्रमांक एक," काका मान वर न करता म्हणाले, "मी चोर नाही. मुद्दा क्रमांक दोन, बुधवारी रात्रीपर्यंत वही कपाटात होती, मी अहवालासाठी शेवटची नजर टाकली. मुद्दा क्रमांक तीन, गुरुवारी पहाटे मी मुलीकडे गेलो तो शनिवारी उशिरा आलो. किल्ली खिशात होती."

"वही नसली तर कुणाला फायदा, काका?"

खुरपं थांबलं. "मला तर मुळीच नाही. 'साध्य' असा शिक्का मारायची पाच वर्षं वाट पाहिली मी. वहीशिवाय तो कसा मारणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो पाणकणसांचा पट्टा कुणाला नकोय, तिकडे जा ना."

घरी येऊन भिंगरी अभ्यासाला बसली, पण लक्ष लागेना. काहीतरी चुकत होतं. तिची खिडकी मागच्या अंगणात उघडायची. बाबांनी तिथे दोरी बांधून जाईचा वेल वर चढवला होता. वाऱ्याने वेल हलला की पानांतून टिणटिण असा बारीक आवाज यायचा. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यांना कुठलीही वस्तू टाकवत नाही, त्यामुळे वेलालाही काहीतरी पत्र्याचं लटकवलं असणार असं ती धरून चालली होती. त्या टिणटिणीवर तिने कितीतरी पाढे पाठ केले होते.

आज वारा होता. वेल छाटलेला होता, दोरीला जुन्या ओढणीची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती, आणि आवाज नव्हता.

"आई, हे काय गुंडाळलंस?"

"दोरी काचते वेलाला," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

३. वाफ

लॉन्ड्रीत शिरलं की चष्म्यावर धुकं जमतं. फुलस्टॉपने चष्मा काढून हातात धरला. इस्त्रीच्या टेबलामागे लॉन्ड्रीवाल्या मावशी उभ्या होत्या. दंड कुस्तीगिरासारखे, आणि कानात नाजूक मोत्यांच्या कुड्या.

"या, या, तपासनीस बाई! सकाळपासून वाट बघतेय. आधी मुद्देसूदने माझं नाव सांगितलं असेल."

भिंगरीचे कान तापले. "मावशी, तो पट्टा निघाला तर जागा तुम्हाला मिळणार ना?"

"मिळणार. आणि मला ती हवीच आहे. चादरी वाळत घालायला हातभर जागा नाही इथे." मावशींनी इस्त्री सदऱ्यावर दाबली, फस्सकन वाफ उठली. "पण वही पळवून मला काय मिळणार, सांग बरं? वहीत लिहिलंय तळं स्वच्छ झालं. ती वही म्हणजे माझी जागा! मी तर ती वही उशाखाली घेऊन झोपले असते."

मुद्दा बिनतोड होता.

"आणि ऐक," मावशी म्हणाल्या. "वासाचं तू बरोबर विचारलंस. नाला त्या पाणकणसांतून तळ्यात जातो, घाण तिथे अडकते. तळ्याची चाळणीच ती. पण चाळणी धुवावी लागते का नाही? आधी दर सहा महिन्यांनी सगळे मिळून कणसं कापायचो, गाळ उपसायचो. मीही उतरायचे चिखलात. दोन वर्षांपूर्वी आकडा साठच्या वर गेला, सगळे म्हणाले जिंकलो, आणि फावडी ठेवून दिली. आता चाळणीच कुजतेय. कुजलेली ठेवण्यापेक्षा मला द्या, एवढंच माझं म्हणणं."

बाहेर पडल्यावर फुलस्टॉपने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. सचिवांना वही हवी होती. मावशींना वही हवी होती. जो तो म्हणत होता आकडे चांगले आहेत.

"मग चांगल्या आकड्यांची भीती कुणाला वाटली?" भिंगरी स्वतःशीच म्हणाली.

"ज्याला ते खोटे आहेत हे माहीत होतं त्याला," फुलस्टॉप म्हणाली. आयुष्यातलं तिचं सगळ्यांत लांब वाक्य असावं ते.

४. ओळखीची पावलं

ग्रंथपालकाकांच्या टेबलावर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि ते स्वतः त्या पाटीपेक्षा गप्प असायचे. प्रश्न विचारला की आधी पुस्तकात खूण ठेवायची, मग पुस्तक मिटायचं, मग उत्तर.

खूण ठेवली. पुस्तक मिटलं.

"गुरुवारी दुपारी कपाट उघडल्याचा आवाज आला होता."

"कोण होतं?" तिघी एकदम ओरडल्या. काकांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"मी वर पाहिलं नाही. अनोळखी पावलं आली तरच मी मान वर करतो. ती ओळखीची होती."

गुरुवारी सचिवकाका मुलीकडे होते, किल्लीसकट. ग्रंथपालकाका चोर असते तर आवाज ऐकल्याचं कबूल करून संशय स्वतःच्याच खोलीत कशाला ओढवून घेतला असता? तिसरी किल्ली उरली. दारामागचा खिळा उरला. तिने तो विचार पायाने दाराबाहेर ढकलला.

"वहीतले आकडे दुसरीकडे कुठे लिहिलेले असतील का, काका?"

"दर महिन्याला फलकावर चिठ्ठी लागायची. जुनी चिठ्ठी सगळे फेकून द्या म्हणायचे." ते उठले आणि खालच्या खणातून बुटांचा खोका काढला. "मला कागद फेकवत नाही."

पाच वर्षांच्या चिठ्ठ्या! तिघींनी त्या जमिनीवर ओळीने मांडल्या. सगळं अक्षर आईचं. पहिल्या वर्षी वीस, वीस. मग कणसं लावल्यावर वीस, तीस, तीस. सावकाश, कासवाच्या चालीने. आणि मग तिसऱ्या वर्षातल्या एका महिन्यात तीस, पुढच्या महिन्यात सत्तर!

"उडीच मारली की तळ्याने," रेडिओ म्हणाली. "पाच वर्षांत तेवढी एकच. नंतर ऐंशी, ऐंशी, मग सत्तर, सत्तर, आणि आता साठ. त्या दिवसानंतर एकदाही साठच्या खाली नाही. वास सुटला तरी नाही!"

भिंगरीने सत्तरची चिठ्ठी उचलली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'दोरी दुरुस्तीला दिल्यामुळे पहिल्या रविवारी मोजणी नाही.' तिने ते वाचलं आणि चिठ्ठी परत ठेवली. तिचं लक्ष अक्षराकडे होतं. तो सात. त्याला खाली छोटी शेपूट काढायची सवय. तिच्या डब्याच्या पिशवीवर, शाळेच्या फॉर्मवर, वाढदिवसाच्या कार्डावर, सगळीकडे असाच सात असायचा.

"भिंगरी," फुलस्टॉप हळूच म्हणाली, "आकडे तुझी आई लिहिते."

"माहितीये मला!" ती किंचाळली. ग्रंथपालकाकांनी पहिल्यांदाच पाटीकडे बोट दाखवलं नाही.

५. तबकडी

शनिवारी सकाळी भिंगरी एकटीच तळ्यावर गेली. आईच्या बाजूने पुरावा मिळवायला, असं ती स्वतःला सांगत होती. मोजायची तबकडी वाचनालयाच्या ओसरीत खुंटीला असायची. पांढरी, ताटाएवढी, मधोमध दोरी. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर पत्र्याची बारीक, चकतीसारखी बिल्ली आणि तिच्यावर ठोकलेला आकडा. पद्धत पोरखेळ वाटावी इतकी सोपी होती. घाटाच्या पायरीवर बसायचं, तबकडी पाण्यात सोडायची, पांढरं दिसेनासं झालं की थांबायचं आणि पाण्याच्या रेषेला जी बिल्ली असेल ती वाचायची.

तिने तबकडी सोडली. पांढरं धूसर झालं, हिरवट झालं, गेलं. पाण्याच्या रेषेवरची बिल्ली तिने वाचली.

साठ.

"साठ!" ती नाचलीच पायरीवर. आई खोटं लिहीत नव्हती! जे दिसतं तेच लिहीत होती! तिने पुन्हा सोडली, पुन्हा साठ. मग ती थबकली. साठ सेंटिमीटर म्हणजे पाण्यात उभं राहिलं तर तिच्या मांडीपर्यंत यायला नको का? आणि तबकडी तर जेमतेम पाण्यात शिरली न शिरली तोच गायब झाली होती.

दप्तरात बाबांच्या दुकानातली पोलादी टेप होती. तिने चिमटीत दोरी पाण्याच्या रेषेला पकडली, तबकडी वर काढली आणि तबकडीपासून चिमटीपर्यंत टेप लावली.

वीस.

पुन्हा मोजलं. वीसच. पाच वर्षांपूर्वी तळं जिथे होतं, बरोबर तिथेच.

माणूस खोटं बोलत नव्हता. दोरी बोलत होती.

तिने दोरी तबकडीपासून वर चाचपायला सुरुवात केली. पहिली बिल्ली तबकडीपासून तळहाताच्या रुंदीवर होती. तिच्यावर दहा हवं होतं. होतं पन्नास. दहा, वीस, तीस आणि चाळीस या बिल्ल्या दोरीवर नव्हत्याच. तबकडीजवळ एक भक्कम, सुबक, दुहेरी गाठ होती. सायकलच्या कॅरिअरवर सामान बांधताना मारतात तशी.

अशी गाठ वस्तीत एकच माणूस मारायचा.

वारा सुटला. हातातल्या बिल्ल्या एकमेकींवर आपटल्या.

टिणटिण.

६. गप्प घर

ती घरी पोचली तेव्हा बाबा जेवायला आलेले होते आणि आई पाणी वाढत होती. भिंगरी सरळ अंगणात गेली. ओढणीची पट्टी सोडली. वेलाखालून फिकट झालेल्या दोरीच्या तुकड्यावर चार बिल्ल्या चमकल्या. तिने त्या मोठ्याने वाचल्या.

"दहा. वीस. तीस. चाळीस."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, ती माझी दोरी!" बाबा कौतुकाने बाहेर आले. "दोन वर्षांपूर्वीची. तुझ्या आईच्या तबकडीचं टोक पार पिंजून गेलं होतं, तबकडी तळ्यात गेली असती. मी कुजलेला भाग कापला, नवी गाठ मारली. अजून सुटली नसेल बघ! पिंजलेलं टोक सोडलं तर तुकडा चांगला होता, म्हणून वेलाला…" ते थांबले. एकदा लेकीकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. "काय झालं?"

"तुम्ही खालून चाळीस सेंटिमीटर कापलेत, बाबा. तबकडी वर सरकली, आकडे होते तिथेच राहिले. त्या दिवसापासून प्रत्येक आकडा चाळीसने जास्त आहे. तळं स्वच्छ झालंच नव्हतं."

बाबा पायरीवर बसले. "पण गाठ… गाठ तर चांगली मारली होती मी."

आई दारात उभी होती. हात पदराला पुसत होती, कोरडे झाले तरी पुसत होती.

"तुला माहीत होतं," भिंगरी म्हणाली.

"गुरुवारी कळलं. वेल छाटला तेव्हा बिल्ल्या दिसल्या." आईचा आवाज अगदी सपाट होता. "त्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी मिळून गाळ उपसला होता. कंबर मोडेस्तोवर. पुढच्या मोजणीला सत्तर आला आणि मला वाटलं, मेहनत फळाला आली. हवं तेच दिसलं, मग शंका कोण घेणार? आणि दोरीच्या बुडालेल्या टोकाकडे कोण बघतं गं?" तिने बाबांकडे पाहिलं. "वहीत लिहिलंय, दोरी कुणी दुरुस्त केली ते. नावासकट. उद्या सगळे यांना म्हणतील, तूच तळं बुडवलंस. मला अध्यक्ष करायला निघालेत, मला काय म्हणतील ते वेगळंच. विचार करायला चार दिवस हवे होते मला. फाडायला घेतली होती वही. हात चालला नाही."

"कुठे आहे?"

"तुझ्या पहिलीच्या पुस्तकांखाली. तिथे तू कधी हात लावत नाहीस म्हणून."

भिंगरीने स्टुलावर चढून वही काढली. धूळ झटकली. पानामागून पान, दर रविवार, शेपटीवाले सात. पेन्सिल घेऊन ती जमिनीवरच बसली आणि सत्तरच्या पुढे तीस लिहिलं. ऐंशीच्या पुढे चाळीस. पुन्हा चाळीस. तीस. तीस. वीस.

"बघ ना, आई!" तिचा आवाज चढला. "तुझी मेहनत खोटी नाहीये! कणसं कापत होतो, गाळ काढत होतो, तोवर विसाचे चाळीस झाले होते, खरेखुरे चाळीस! आपण जिंकलो म्हणून फावडी ठेवली आणि तिथूनच उतरायला लागलं. एकही आकडा फुकट गेला नाही, नुसते चाळीस वजा करायचे. ही वही नसती तर हे कुणालाच कळलं नसतं. आणि तू ती लपवलीस!"

आईने वाकून वही मिटली. मग म्हणाली, "उद्या सकाळी कपाटात नेऊन ठेवते. मागच्या बाजूला पडली होती म्हणेन. दोरी बदलून टाकू. पुढच्या वर्षी आकडा कमी आला की समिती आपोआप…"

"पुढच्या वर्षी पट्टा नसेल, आई. मतदान उद्या आहे."

"भिंगरे, बाबांचा तरी विचार कर."

बाबांनी मान वर केली नव्हती. बोटांनी दोरीच्या तुकड्याला गाठ मारत होते, सोडत होते. "मी चांगलं करायला गेलो होतो गं," ते म्हणाले.

"मला माहितीये," भिंगरी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी टेकली. गेल्या वर्षीची भिंगरी असती तर इथेच उंदीर बोलला असता आणि पुढे सगळं आईने ठरवलं असतं. तिने बाबांच्या हातातून तो तुकडा हळूच काढून घेतला, वहीवर ठेवला आणि उभी राहिली.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "उद्या मुद्देसूदकाका 'कुणाला काही प्रश्न' म्हणतील ना, तेव्हा मी उठणार. या वेळी पैज नाही. वही आणि हा तुकडा टेबलावर ठेवणार आणि एकच प्रश्न विचारणार, हे चाळीस सेंटिमीटर कुठे होते? मग थांबणार. शंभर अंक मनात मोजेपर्यंत थांबणार. तेवढ्या वेळात तुम्ही दोघं उठलात तर उत्तर तुमचं. नाही उठलात तर मी देणार, सगळं, नावांसकट. आणि पुढच्या रविवारपासून तबकडी मी सोडणार, आई. तू शेजारी टेप धरायचीस."